घरातल्या ज्येष्ठांची आपत्कालीन तयारी: पिशवी भरण्याआधीचं

उंबरठा

पूर, आग, भूकंप, उष्णतेची लाट, दोन-दोन दिवस वीज नसणं. शहरात राहायचं म्हटलं की यातलं काही ना काही कधीतरी वाट्याला येतंच. 'आपत्कालीन पिशवी'च्या याद्याही जागोजागी मिळतात: टॉर्च, शिटी, पाणी, कागदपत्रं, प्रथमोपचार पेटी. याद्या चुकीच्या नाहीत. पण त्या धडधाकट माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. तो पिशवी पाठीला लावणार, जिना उतरणार आणि चालू लागणार. घरात पंचाहत्तरी-ऐंशीचं माणूस असेल तर प्रश्न पिशवीच्या बराच आधी सुरू होतो. त्यासाठी हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि आठवडाभरात सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात वृद्धांचं, आणि त्यातही एकट्या राहणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की एकटं राहणं, रोज घराबाहेर न पडणं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर घर असणं यांनी धोका वाढला. घरात एसी आणि लोकांत ऊठबस असलेली माणसं तुलनेने सुखरूप राहिली. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्म्याने सुमारे १५,००० बळी घेतले, त्यातही बहुतेक म्हातारी माणसं. २००५ च्या कॅटरिना वादळात लुइझियानामधले जवळजवळ निम्मे मृत ७५ च्या पुढचे होते, आणि २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीत निम्म्याहून जास्त ६५ च्या पुढचे. आपत्ती वेगळ्या, देश पैसेवाले, तरी पहिला फटका त्याच वयाला.

माझं म्हणणं असं की पिशवी बाजूला ठेवा आणि आधी त्या माणसाचा एक साधा दिवस बघा. उठल्यापासून झोपेपर्यंत वीज, पाणी, लिफ्ट, फोन आणि दुसरं माणूस यांपैकी कशाकशावर तो दिवस उभा आहे? यातली एक गोष्ट काढून घेतली तर सगळ्यात आधी काय अडेल?

उदाहरण देतो. वीज गेली. आपल्याला आठवतात दिवे आणि पंखा. पण कानाचं मशीन रात्री चार्जिंगला लावायचं असेल तर सकाळी माणूस ठार बहिरं. कॉर्डलेस फोनची बैठक विजेवर चालते, त्यामुळे तोही मुका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतलेली असेल तर ती हळूहळू बसते. वरच्या मजल्यांवर पंपाने पाणी चढत असेल तर नळही बंद. ऑक्सिजनचं मशीन असेल तर घड्याळच सुरू झालं म्हणायचं.

तुमच्या घरी काय अडेल, आणि त्यावर काय केलंत, ते लिहा.

दुपारची_झोप

धागा वेळेवर काढलात. सासूबाई आमच्याकडे असतात. आमची पिशवी तयार आहे, पण ती त्यांना उचलता येत नाही हे तुमचं वाचताना लक्षात आलं. आज रात्री जेवताना तुमचा 'काय अडेल' हा प्रश्न त्यांनाच विचारते.

कानोसा

ऐकू न येणाऱ्यांबरोबर काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतंच.

धूर ओळखणारे नेहमीचे अलार्म साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या चिरक्या पट्टीत वाजतात. वय वाढलं की नेमकी हीच वरची पट्टी आधी जाते. म्हणजे अलार्म वाजतोय, बटण दाबून तपासलाय, तरुण माणूस दचकून उठतोय, आणि आजी शांत झोपलेली. त्यात रात्री मशीन काढून ठेवलेलं. ५२० हर्ट्झचा, खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो आणि झोपेतून उठवायला तो बराच सरस ठरतो. शिवाय उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र आणि लखलखणारा दिवा असेही प्रकार आहेत. चाचणी घ्यायची तर झोपायच्या खोलीचं दार लावून, मशीन काढून घ्या. दिवाणखान्यात उभं राहून 'वाजला की' म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरं बॅटरीचं. कानाच्या मशीनच्या छोट्या गोल बॅटरीवर रंगीत चिकटपट्टी असते. ती काढली की हवा आत शिरते आणि बॅटरी सुरू होते. मग वापरा नाहीतर ठेवून द्या, ती उतरतच जाते. कित्येक घरांत कुणीतरी प्रेमाने सगळ्या पट्ट्या आधीच सोलून डबीत भरून ठेवलेल्या मी बघितल्यात. पट्टी तशीच राहू द्या. मशीन चार्जिंगवालं असेल तर त्याची डबी पॉवर बँकेवर चालते का ते आजच लावून बघा.

रात्रपाळी

अनेक वर्षं आपत्कालीन विभागात काढली आहेत. मी पिशवीबद्दल बोलणार नाही, दाराबद्दल बोलणार आहे.

शेजाऱ्यांकडे किल्ली दिलेली असते. सगळे निर्धास्त. आणि वेळ येते तेव्हा आतून कडी असते, वर साखळी. किल्ली हातात घेऊन शेजारी बाहेर, माणूस न्हाणीघरात पडलेला. पडल्यावर हाड मोडलं नसेल तरी तासन्‌तास फरशीवर राहणंच घातक असतं: अंग थंड पडतं, शरीरातलं पाणी कमी होतं, दाबाखाली राहिलेले स्नायू खराब होऊन त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. त्यामुळे रात्री कोणती कडी लावायची आणि कोणती नाही हे ठरवा. चोराची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. बाहेरून किल्लीने उघडेल असं चांगलं कुलूप बसवा आणि आतली कडी सोडा. न्हाणीघराची कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी. आणि एक फोन जमिनीवरून हात पोचेल इतक्या उंचीवर.

मग कागद. एकच पान, ठळक मोठ्या अक्षरात: आजार, औषधांची नावं (ब्रँड नाही, औषधाचं मूळ नाव), मात्रा, कशाची ॲलर्जी, पेसमेकर आहे का, डॉक्टर, जवळची दोन माणसं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सगळ्यात वर. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत त्या एका ओळीने आमचा सगळा पुढचा विचार बदलतो. खाली तारीख टाका. तीन वर्षांपूर्वीची यादी कधीकधी यादी नसण्याहून वाईट.

कागद कुठे ठेवायचा? ब्रिटनमध्ये लायन्स क्लबांनी एक साधी पद्धत रुजवली: माहिती एका छोट्या बाटलीत घालायची, बाटली फ्रिजमध्ये, आणि दाराच्या आतल्या बाजूला व फ्रिजवर हिरव्या खुणेचा स्टिकर. फ्रिज का, तर तो प्रत्येक घरात असतो आणि शोधायला लागत नाही. तुमच्याकडे ही खूण कुणाला माहीत नसेल तर स्टिकरवर सरळ लिहा, 'वैद्यकीय माहिती फ्रिजच्या दारात'. मोबाइलच्या कुलूपबंद पडद्यावरही ही माहिती दिसेल अशी सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. तीही भरा, पण कागद हवाच.

आणि शेजाऱ्यांसाठी एक. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर पाणी पाजत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा आणि शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात. 'नऊला जिन्यात भेटले तेव्हा छान बोलले' हे वाक्य आमच्यासाठी सोन्याच्या मोलाचं.

पांढरा_बगळा

वय ८१. आतापर्यंतच्या प्रतिसादांत 'त्यांना', 'त्यांचं' इतक्यांदा आलंय की मी माणूस आहे की सामान असा प्रश्न पडला. राग नाही, गंमत वाटली.

काही गोष्टी हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाहीत. मुलाने वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणून ठेवला. वीस लिटर म्हणजे वीस किलो. तो मला उचलणं सोडा, कलंडवताही येत नाही. एक लिटरच्या बाटल्या ठेवा म्हटलं, तर त्यांची झाकणं अशी घट्ट की संधिवाताच्या बोटांनी सुटेनात. आता झाकणं एकदा उघडून, बेताने लावून, महिन्याने पाणी बदलतो. टॉर्चचंही तेच. भक्कम आहे, पण बटण दाबायला अंगठ्यात जोर हवा आणि एका हातात काठी. शेवटी कपाळाला बांधायचा दिवा घेतला. काठीला हात मोकळा, कठड्याला हात मोकळा. दिसतो मी खाणकामगारासारखा, पण ते असो.

मुलगा म्हणतो, "बाबा, काही झालं तर लगेच फोन करा." अरे, काही झालं तर आधी फोनच बंद पडतो!

आणि आम्ही घर सोडायला 'ऐकत नाही' असं सगळे म्हणतात. हट्ट असतो, नाही कशाला म्हणू? पण त्यामागे काय असतं ते कुणी विचारत नाही. पहिलं, एकदा बाहेर काढलं की परत या घरात येऊ देतील का ही धाकधूक. दुसरं, शौचालय. चारशे माणसांच्या सभागृहात रात्री तीनदा उठायचं, भारतीय पद्धतीचं असेल तर बसता येत नाही, आणि पॅड बदलायला आडोसा नाही. हे कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून मी बोलतो. तिसरं, माझं मांजर. त्याला टाकून मी हलणार नाही.

म्हणून 'निघावं लागेल' इतकंच सांगू नका. कुणाकडे, किती दिवस, झोपायची सोय काय, शौचालय कसं, मांजराचं काय, हे आधी ठरलेलं असेल तर मी तुमच्या आधी दारात उभा असेन.

उंबरठा

पांढरा_बगळा, तुमच्या प्रतिसादावर वेगळा धागा निघायला हवा. मांजराचा मुद्दा तर अजिबात किरकोळ नाही. कॅटरिनाच्या वेळी पाळीव प्राणी सोडून जायला लोकांनी नकार दिला, माणसं मागे राहिली, आणि २००६ मध्ये अमेरिकेत स्थलांतराच्या आराखड्यांत पाळीव प्राण्यांचीही सोय धरावी असा कायदाच झाला. पिंजरा घेऊन ठेवा आणि एरवीही तो उघडा राहू द्या, म्हणजे मांजर त्याला बिचकणार नाही.

रात्रपाळी, आतल्या कडीचा मुद्दा सगळ्यांनी आजच तपासावा.

दूरदेशी

मी दुसऱ्या खंडात, आईवडील शहरात दोघंच. मी इथून काय करू शकते? रोज फोन होतो. पण गेल्या वेळी वादळात नेटवर्क गेलं, आणि दीड दिवस मी बातम्या बघत बसण्यापलीकडे काही करू शकले नाही.

रात्रपाळी

दूरदेशी, तुमचा उपयोग 'मध्यस्थ' म्हणून खूप आहे. शहरातल्या शहरात फोन लागत नाही तेव्हाही कधीकधी बाहेर लागतो. घरातल्या सगळ्यांनी आपली खुशाली तुम्हाला कळवायची आणि तुम्ही ती पुढे पोचवायची, असं ठरवा. कॉल लागत नसतानाही साधा एसएमएस अनेकदा जातो, आणि गर्दीच्या नेटवर्कवर तो भारही कमी टाकतो. आईवडिलांना एसएमएस लिहिता येत नसेल तर 'आम्ही ठीक' असा तयार संदेश फोनमध्ये करून ठेवा.

पण खरं काम घराच्या आसपास आहे. चालत पोचतील अशी तीन माणसं शोधा. तीन का, तर एक गावाला असेल, एक स्वतः अडकलेला असेल. त्या तिघांचे नंबर तुमच्याकडे, तुमचा त्यांच्याकडे. आणि हे नंबर कागदावर, फोनशेजारी भिंतीवर. मोबाइल मेला की आपल्याला आपल्या मुलांचेही नंबर आठवत नाहीत.

साधी_गोष्ट

शेजाऱ्यांना असं सांगायचं कसं? 'आमच्या आईकडे लक्ष ठेवा' म्हटलं की लोकांना ओझं वाटतं, ते हो म्हणतात आणि विसरतात.

पांढरा_बगळा

नेमकं काम द्या. 'लक्ष ठेवा' हे काम नव्हे. आमच्या मजल्यावर असं ठरलंय: सकाळी साडेआठपर्यंत माझ्या खिडकीचा पडदा सरकलेला दिसला पाहिजे. नाही सरकला तर समोरची मुलगी बेल वाजवते, उत्तर नाही आलं तर किल्लीने उघडते. तिला कॉलेजला जाताना मान वर करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच खर्च. बदल्यात मी तिची पार्सलं घेऊन ठेवतो, त्यामुळे मलाही मिंधेपणा नाही.

सातवा_मजला

उंच इमारतींबद्दल कुणीच सविस्तर लिहिलेलं नाही म्हणून लिहितो. इमारतीच्या कामात नको इतका गुंतलेला आहे.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यूयॉर्कमध्ये हे दिसलं. इमारती उभ्याच होत्या, पडझड नाही. पण लिफ्ट बंद, पंप बंद, जिन्यात अंधार. वरच्या मजल्यांवरचे वृद्ध दिवसच्या दिवस अडकले, आणि स्वयंसेवक पाणी-औषधं घेऊन दारोदार जिने चढत राहिले. म्हणजे अडचण नेहमी 'बाहेर कसं काढायचं' हीच नसते. 'आहे तिथे कसं टिकवायचं' ही जास्त वेळा असते. किमान तीन दिवसांचं पाणी, माणशी रोज चार लिटरच्या हिशेबाने, आणि शौचालयासाठी वेगळं. न शिजवता खाता येईल, चावता येईल, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या पथ्यात बसेल असं खाणं. पिशव्यांमधलं तयार खाणं बरेचदा खारट असतं, तेवढं बघा.

आता आग. लिफ्ट वापरायची नाही हे पाठ असतं सगळ्यांना. पण ज्याला जिना उतरताच येत नाही त्याने काय करायचं, हे ठरलेलं नसतं. आग आपल्या घरात नसेल आणि जिन्यात धूर असेल तर बंद दार हा मोठा आधार आहे. दार लावायचं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी जायचं, अग्निशमन दलाला फोन करून मजला, घर क्रमांक आणि 'चालता न येणारी व्यक्ती आत आहे' हे सांगायचं. दाराबाहेर धूर असताना चार जणांनी त्यांना उचलून जिन्यात नेणं जास्त धोक्याचं ठरू शकतं. आग घरातच असेल तर मात्र बाहेर पडायचं आणि मागे दार ओढून घ्यायचं, उघडं टाकून पळायचं नाही.

व्हीलचेअरसकट जिना उतरवू नका. विजेवर चालणारी खुर्ची तर चांगलीच जड असते. जिन्यावरून घसरवत न्यायची खास खुर्ची मिळते, पट्ट्यांवर सरकते, बहुतेक प्रकार एक-दोन माणसं हाताळू शकतात. पण ती चालवायचा सराव लागतो. आमच्याकडे ती आली आणि कुलूपबंद खोलीत गेली. किल्ली ज्याच्याकडे तो रात्री इमारतीत नसतो! आता ती जिन्याच्या कोपऱ्यात, उघड्यावर टांगलीय, आणि एका तरुणाला बसवून सराव केला. तरुणाला, कारण सरावात म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडायचं नाहीये.

दुपारची_झोप

भूकंपात 'खाली बसा, टेबलाखाली शिरा' म्हणतात. सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत, त्या टेबलाखाली कशा जाणार?

सातवा_मजला

जाऊ नये. पलंगावर असतील तर तिथेच राहायचं, उशी डोक्यावर धरायची. खुर्चीत असतील तर पुढे वाकून डोकं-मान हातांनी झाकायची. व्हीलचेअर असेल तर आधी ब्रेक. पडून मोडण्याचा धोका धावण्यात जास्त. तुम्ही त्यांच्या पलंगावरचं जड चित्र आणि डोक्याशी असलेलं कपाट तेवढं हलवा किंवा भिंतीला आवळा. आणि पलंगाला बांधलेल्या पिशवीत बंद चपला-बूट नि टॉर्च. नंतर जमिनीवर काच असते.

चष्मा_कुठेय

वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, सहा वर्षं झाली. इथलं बरंच काही आम्हाला लागू होत नाही. त्यांना सूचना आठवत नाहीत, सराव आठवत नाही. तयारी माझी, त्यांची नाही.

जे उपयोगी पडलं ते लिहिते. त्यांच्या आताच्या चेहऱ्याचा फोटो, पूर्ण उंचीचा, दर काही महिन्यांनी नवा, माझ्या आणि भावाच्या फोनमध्ये. गर्दीत हात सुटला तर 'उंच, पांढरे केस' या वर्णनावर कुणी सापडत नाही. प्रत्येक सदऱ्याच्या आत शिवलेली चिठ्ठी: नाव, माझा नंबर, 'गोंधळतात, हळू बोला'. खिशात ठेवलेलं ते काढून टाकतात.

कारण सांगत बसायचं नाही. "इमारतीत धूर झालाय, म्हणून आपल्याला..." इथपर्यंत त्यांची भीती वाढलेली असते. मी म्हणते, "बाबा, चला, फिरायला." बूट पुढे करते. ते उठतात. खोटं बोलते का, तर हो, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

निवाऱ्यात गेलात तर भिंतीकडेची जागा मागा, दारापासून लांब. आणि 'रुग्ण वेगळे, नातेवाईक वेगळे' असं कुणी करू लागलं तर ठाम नाही म्हणा. माझ्यापासून तोडलं तर ते तासाभरात कुणाला आवरायचे नाहीत.

रात्रपाळी

चष्मा_कुठेय, तुमचा प्रतिसाद मी आमच्या विभागातल्या नव्या मुलांना वाचून दाखवणार आहे.

औषधांबद्दल राहिलं होतं. आठवडाभराचा जास्तीचा साठा हातात असावा, पण वेगळ्या पेटीत कुलपात नाही. पेटीतल्या गोळ्यांची मुदत संपते आणि कुणाला पत्ता नसतो. नवा साठा आला की मागे, जुना पुढे, असं रोजच्या डब्यातूनच फिरवा. स्टिरॉइड, फिट्सच्या आणि रक्तदाब-हृदयाच्या काही गोळ्या एकदम बंद झाल्या तर त्यातूनच नवीन संकट उभं राहतं. आपल्या कोणत्या गोळ्या 'चुकवायच्याच नाहीत' गटातल्या आहेत ते डॉक्टरांना विचारून त्या पानावर खूण करा.

इन्सुलिन वापरात असलेलं खोलीच्या तापमानाला बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे टिकतं, नेमकं किती ते पत्रकावर असतं. त्यामुळे फ्रिज बंद पडला म्हणून घाबरून बर्फात गाडू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. डायलिसिसवर असणाऱ्यांनी आपलं केंद्र बंद पडलं तर दुसरं कुठलं, आणि पाळी चुकली तर पाणी आणि पोटॅशियमचं पथ्य कसं कडक करायचं, हे आधीच केंद्रात विचारून लिहून घ्यावं.

उन्हाबद्दल थोडक्यात: वयाबरोबर तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर पाणी आणखी कमी होतं. तहान लागायची वाट बघू नका. किती प्यायचं ते मात्र हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारून. खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा ओलं फडकं, अंगावर पाणी, नाहीतर दिवसाचे काही तास थंड जागी नेणं. माणूस बरळायला लागलं तर ते वय नव्हे, ते तातडीचं आहे.

सातवा_मजला

आमच्या इमारतीत कुठल्या घरात कोण एकटं राहतं, कुणाला उचलावं लागेल, कुणाकडे ऑक्सिजन आहे, अशी यादी करून ग्रुपवर टाकावी असा प्रस्ताव आहे. मत?

साधी_गोष्ट

साफ विरोध. ग्रुपवर कोण कोण आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? भाडेकरू येतात-जातात, जुने नंबर तसेच राहतात. 'या घरात ८० वर्षांच्या बाई एकट्या असतात' हे जाहीर करणं म्हणजे भामट्यांना आमंत्रण. आपत्तीनंतर तर 'मदतीचा फॉर्म भरायचाय, ओटीपी सांगा' असे फोन येतातच.

उंबरठा

दोन्ही खरं आहे. २००३ नंतर फ्रान्समध्ये नगरपालिकांनी अशी नोंदवही ठेवायला सुरुवात केली. नाव स्वखुशीने द्यायचं, आणि लाटेचा इशारा आला की त्या नावांना फोन जातात. शिकागोतही १९९९ च्या लाटेत पोलीस आणि पालिकेचे लोक एकट्या वृद्धांच्या दारी गेले. तेव्हा बळी सुमारे ११० होते, आधीच्या मानाने खूप कमी. त्यामुळे यादी हवी असंच मला वाटतं. ग्रुपवर मात्र नको.

साधी_गोष्ट

फ्रान्समध्ये नगरपालिका आहे, कायदा आहे. इथे तुमच्या यादीचा जबाबदार कोण?

पांढरा_बगळा

मी नाव देईन, पण कोण वाचणार ते मी ठरवणार. दोन माणसं, नावानिशी. कागदावर, बंद पाकिटात. आणि आजार लिहिणार नाही, फक्त 'जिना उतरायला मदत लागते' एवढंच. बाकीचं फ्रिजमध्ये आहे.

साधी_गोष्ट

एवढं असेल तर मला चालेल. पण नाव न देणाऱ्याला 'सहकार्य करत नाहीत' असं म्हणायचं नाही.

दुपारची_झोप

मंडळी, करून बघितलं. रविवारी संध्याकाळी सासूबाईंना सांगून-सवरून घराचा मेन स्विच दोन तास बंद ठेवला. त्यांनाच म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, आम्ही फक्त बघतो.

टॉर्च त्यांना लगेच सापडला. चष्मा नाही. टॉर्चच्या उजेडात चष्मा शोधायला चष्माच हवा! आता जुन्या नंबरचा चष्मा दोरीने पलंगाला बांधलाय. औषधाच्या डब्यात सकाळच्या आणि रात्रीच्या कप्प्यांचे रंग वेगळे होते, पिवळ्या उजेडात दोन्ही सारखेच दिसले. त्यांनी स्वतःच तोड काढली: रात्रीच्या कप्प्यांना वर रबरबँड, बोटाला कळतो. जिन्यात गेल्यावर पायरी कुठे संपते ते दिसेना, तर त्या म्हणाल्या, "पायऱ्या मोजलेल्या आहेत मी, दहा आणि दहा. लिफ्ट यायच्या आधीपासून राहते इथे." आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या पुढे, आम्ही मागे धडपडत.

उरलेला वेळ अंधारात पत्त्यांचा डाव मोडून गप्पाच झाल्या, ते इथे लिहीत नाही. एक अडलं: वरच्या मजल्यावर एक काका ऑक्सिजन मशीनवर आहेत. त्यांच्याकडे पर्यायी सोय नाही असं कळलं. काय सुचवू?

रात्रपाळी

ज्यांनी मशीन पुरवलं त्यांच्याकडून आजच सिलिंडर मागवायला सांगा. आणि त्यांच्या ठरलेल्या प्रवाहाला तो किती तास पुरेल हे लिहून सिलिंडरला अडकवायला सांगा. लिटरप्रमाणे हे बदलतं, अंदाजावर राहू नका. तो जोडायला घरातल्या दोघांना तरी आलं पाहिजे, रेग्युलेटरची चावी साखळीने तिथेच बांधलेली हवी. सिलिंडर उभा आणि भिंतीला पट्ट्याने बांधलेला. वीज गेली की त्या घरात मेणबत्ती, उदबत्ती, सिगारेट काहीही पेटवायचं नाही, फक्त बॅटरीचे दिवे. वीज कंपनीकडे 'वैद्यकीय उपकरण आहे' अशी नोंद करता येते का तेही विचारा. काही ठिकाणी ठरवून वीज बंद करणार असतील तर आधी कळवतात. आणि सिलिंडर अर्ध्यावर आला की रुग्णवाहिका, संपल्यावर नाही.

सातवा_मजला

दुपारची_झोप, पायऱ्यांच्या कडांना अंधारात चमकणारी पट्टी लावायचं आमच्याकडे ठरलंय. तुमच्या सासूबाईंना विचारा, पट्टी पायरीच्या टोकाला बरी की कठड्यावर?

दुपारची_झोप

विचारलं. म्हणाल्या, दोन्हीकडे लावा, पण आधी सगळ्यात खालच्या पायरीला. माणूस तिथेच पडतो, संपला जिना असं वाटून.